शिवण न दिसणारी फरशी

मास्तर शाळेतले नव्हते, शिंपी होते. पण ज्याच्या गळ्यात टेप लोंबते त्याला जग मास्तरच म्हणतं. त्यामुळे त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. तिने आयुष्यात एकाच माणसाला शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि तो माणूस काही शिकला नव्हता.

घर लहानसं. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून मास्तरांचं मशीन, मधे स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराचं बाथरूम. मास्तरांचा एकच अभिमान होता: शिवण दिसता कामा नये. शर्ट तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणायचे, "शोधा, कुठे जोडलाय ते!" गिऱ्हाईक बिचारं शर्ट उलटासुलटा करून डोळे फाडून बघायचं. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण जगातली झाडून सगळी कामं म्हणजे शेवटी शिवणकामच, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टरांनी एकदा त्यांच्या अंगठ्याला टाके घातले तेव्हा मास्तर कण्हायचं सोडून म्हणाले होते, "डॉक्टर, धागा जरा ओढून घ्या. चुणी पडतेय."

तर अशा या मास्तरांच्या बाथरूममध्ये मास्तरीणबाई एके दिवशी घसरल्या. फार काही झालं नाही. कोपराला खरचटलं आणि कंबर दोन दिवस बोलत राहिली. त्या कोणाला सांगणारही नव्हत्या. पण शेजारणीच्या पोटात काही राहत नसे, आणि हातात फोन असला तर अजिबातच नाही. संध्याकाळच्या आत लेकीचा फोन आला.

लेक एकुलती एक. दूर मोठ्या शहरात नोकरीला. मास्तरीणबाईंनी तिला लहानपणी इतकं जपलं होतं, की काळजी करायचं सगळं शास्त्र ती आईकडूनच शिकली होती, आणि आता आईवरच चालवत होती.

"आई, खूप झालं. पुढच्या महिन्यात मी येतेय. त्या बाथरूममध्ये मी स्वतः बादलीभर पाणी ओतून बघणार. पाय सरकला किंवा पाणी तुंबलं, तर दोघांनी सामान बांधायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं."

"आणि माझं मशीन?" मास्तरांनी फोनमध्ये तोंड घातलं.

"बाबा, इथे कुठे मशीन ठेवणार? गॅलरीत आधीच कपडे धुवायचं मशीन आहे."

कपडे धुवायच्या मशीनसाठी आपलं मशीन जाणार, हा अपमान मास्तरांना गिळवेना. पाय हलवायला मशीनचं पायडल नसेल, तर ह्या माणसाचे हातही आठ दिवसांत थांबतील, हे मास्तरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. ते त्यांना परवडणारं नव्हतं. मग दिवसभर मास्तर त्यांच्याच स्वयंपाकात चुण्या शोधत बसले असते.

लेकीचा फ्लॅट चकचकीत होता, यात वाद नाही. फक्त तिच्या बाथरूमच्या दाराशी, बाहेरच्या बाजूने, एक जाडजूड टॉवेल कायम गुंडाळून ठेवलेला असे. मास्तरीणबाईंनी मागच्या खेपेला तो पाहिला होता. घडी घालून मनाच्या कप्प्यात ठेवून दिला होता. अशा गोष्टी कधी लागतील सांगता येत नाही.

"अहो, गवंड्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गल्लीतच तर राहतो."

"कोण, तो? त्याचा पाय माझ्या घराला लागणार नाही."

गवंड्याचं आणि मास्तरांचं वैर जुनं होतं. मास्तरांनी त्याला एक पँट शिवून दिली होती. फिटिंग असं, की गवंडी आरशासमोरून हलेना. मग ती नवी पँट घालून तो एका मोठ्या घरी कामाचं माप घ्यायला गेला, घरातली सगळी मंडळी भोवती उभी, आणि हा फरशीवर उकिडवा बसला. पुढचं सांगायला नको. त्या घरातली म्हातारी म्हणे आजही आठवलं की हसते. गवंड्याने गावभर सांगितलं, मास्तरांचा धागा कच्चा. मास्तरांनी गावभर सांगितलं, गवंडी सुटलाय, धागा काय करणार! तेव्हापासून दोघं एकमेकांना पाहिलं की रस्ता बदलत.

"मीच लावतो फरशी," मास्तर म्हणाले. "त्यात काय आहे? माप घ्यायचं, कापायचं, जोडायचं."

मास्तरांच्या तोंडून 'त्यात काय आहे' निघालं, की त्यात काय काय आहे ते पुढे मास्तरीणबाईंनाच निस्तरावं लागे.

दुकानात मास्तर सगळ्यात गुळगुळीत टाइलवर हात फिरवत राहिले. "वा! साटिन आहे नुसतं." मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरून खरखरीत टाइलवर ठेवला. "हे घ्यायचं. मी घसरले होते, तुमचा शर्ट नाही." तेवढी एक लढाई त्या जिंकल्या. बाकीच्या सगळ्या हरल्या.

मास्तरांनी काम दारापासून सुरू केलं, कारण दर्शनी बाजू आधी. प्रत्येक टाइलखाली चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे सिमेंटचे गोळे ठेवले. "कच्चे टाके," ते म्हणाले. "पुरतात." टाइलला टाइल अशी घट्ट भिडवली, की मधे नख जाऊ नये. कडेला भिंतीशीही तसंच. हात फिरवून फिरवून फरशी इस्त्री केल्यासारखी सपाट केली. शेजारीण दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मास्तर, एकसंध कापड वाटतंय हो!" मास्तर इतके सुखावले, की मागे न बघता काम करत करत आत सरकत गेले, आणि एका टाइलएवढी जागा उरल्यावर उभे राहिले तेव्हा ते पार पलीकडच्या कोपऱ्यात होते. त्यांच्यात आणि दारात सगळी ओली फरशी. दुकानदाराने बजावलं होतं, दुसऱ्या दिवसापर्यंत पाय ठेवायचा नाही.

मास्तरीणबाई दारात, मास्तर कोपऱ्यात. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"आता?" त्या म्हणाल्या.

"मी मुद्दामच इथे थांबलोय," मास्तर म्हणाले. "लक्ष ठेवायला."

मागच्या भिंतीत एक खिडकी होती. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून खिडकीचं माप घेतलं, मग आपल्या कमरेचं. वर्षानुवर्षं ते स्वतःच्या कमरेचं माप थोडं कमीच सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलावं लागलं. खिडकी नापास झाली.

मग ते उपड्या बादलीवर बसले. मास्तरीणबाईंनी कपडे वाळत घालायच्या काठीला पिशवी बांधून, तीत झाकणाच्या भांड्यातून चहा पोचवला. तेवढ्यात कोटाच्या ट्रायलसाठी गिऱ्हाईक आलं. मास्तर आतून ओरडत होते, "खांदा बघ, खांदा! उजवा वर आहे का?" मास्तरीणबाई पुढच्या खोलीत टाचण्या लावत होत्या, आणि गिऱ्हाईक घाबरून विचारत होतं, "मास्तर कुठून बोलतायत?" उन्हं कलल्यावर शेवटी शेजाऱ्यांकडची लांब फळी आडवी टाकून मास्तरांना बाहेर काढलं. त्यातही दोन टाइला खचल्या. त्या त्यांनी पुन्हा ठोकून बसवल्या आणि म्हणाले, "हे अल्टरेशन."

फरशी वाळली. दिसायला अप्रतिम. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. एकीने तर चप्पल काढून आत पाय ठेवला. मग मास्तरीणबाईंनी पहिला तांब्या ओतला, आणि पाणी जागच्या जागी उभं राहिलं. जाळी कोपऱ्यात होती, पण तिकडे जावं असं पाण्याला वाटेना. ते जरा इकडे पसरलं, जरा तिकडे, आणि शेवटी, कुठेच जायचं नसलेल्या पाहुण्यासारखं, मधोमध बसून राहिलं.

"पुसून घेत जा," मास्तर म्हणाले.

"लेकीसमोर?"

मास्तरांनी ठरवलं, तुंबतं तिथे पायपुसणं टाकायचं, पायपुसण्यावर पाट आणि पाटावर बादली. मास्तरीणबाईंनी मांडून बघितलं. मग आंघोळीला उभं राहायला जागा उरली नाही.

पुढच्याच आठवड्यात ऊन तापलं. पत्रा असा तापला, की त्यावर बसलेली मांजर उडी मारून गेली. दुपारी मास्तर पुढे काज करत होते, मास्तरीणबाई भांडी घासत होत्या, आणि मागून फाटकन आवाज आला. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उतरून टायर बघायला लागला. दोघं मागे धावले. बाथरूमच्या मधोमध टाइला एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या होत्या, तंबू ठोकल्यासारख्या. खाली पोकळी. मास्तरांचे कच्चे टाके जमिनीला धरून बसले होते, टाइला त्यांना सोडून निघाल्या होत्या.

मास्तर हळूच म्हणाले, "मशीन विकायचं झालं, तर त्या कोपऱ्यावरच्या पोराला नको देऊ. तो तेल घालत नाही."

हे ऐकलं आणि मास्तरीणबाईंनी पदर खोचला. मास्तरांना न सांगता त्या सरळ गवंड्याच्या कामावर गेल्या. तो एका घराच्या व्हरांड्यात फरशी बसवत होता.

"या वहिनी. आवाज इथवर आला," तो थापी खाली न ठेवताच म्हणाला. "मी म्हटलं, मास्तरांनी शिवलेलं काहीतरी पुन्हा फाटलं."

मास्तरीणबाईंनी राग गिळला. "येता का बघायला? लेक यायचीय."

"येतो की. मास्तरांना म्हणावं, चौकात उभं राहा आणि सांगा, पँट मी चुकीची शिवली."

"ते मरतील, पण म्हणणार नाहीत."

"मग मरेपर्यंत तंबूत आंघोळ करा म्हणावं."

मास्तरीणबाई वळल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मास्तरांनी पाहिली असती तर ते सावध झाले असते.

"ती पँट आहे का हो अजून?"

"आहे. ब्रश पुसायला ठेवलीय."

"द्या इकडे."

संध्याकाळी त्यांनी ती पँट मास्तरांच्या मशीनवर टाकली. सिमेंटने रंग ओळखू येत नव्हता. "एक गिऱ्हाईक देऊन गेलं. बसताना त्रास होतो म्हणे."

मास्तरांना कामाचा वास आला की दुःख विसरायला होई. त्यांनी चष्मा लावला, पँट उलटी केली, फाटलं होतं तिथे बोटं घातली, आणि त्यांचा आवाज चढला. "कोणत्या गाढवाने शिवलीय ही? बसायला जागाच ठेवलेली नाही! उभ्या माणसाचं माप घेतलं आणि तस्सं कापलं. अरे, माणूस काय आयुष्यभर उभाच राहणार आहे? आणि बघ, आत माया सोडलेली नाही. चार बोटं कापड जास्त ठेवलं असतं, तर आज उसवून सैल करता आली असती. कंजूष! हा शिंपी म्हणायचा की खाटीक?"

"खरंच," मास्तरीणबाई साळसूदपणे म्हणाल्या. "कोण असेल हो?"

मास्तरांनी पँट दिव्याकडे नेली. खिशाच्या कडेला एक बारीक टाका होता, दुहेरी, शेवटी उलटा फिरवलेला. असा टाका अख्ख्या गावात एकच माणूस घालायचा. मास्तरांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग बंद झालं.

"शिवण मात्र दिसत नाहीये," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. हसू दाबायला त्यांना भांड्यांच्या फळीमागे उभं राहावं लागलं.

मग मास्तर मागच्या अंगणात जाताना दिसले, हातात पँट. बाथरूमच्या दारात उभे राहून ते त्या तंबूकडे बघत होते. एकदा पँटीकडे, एकदा तंबूकडे.

"हिलाही बसायला जागा नव्हती," ते स्वतःशीच पुटपुटले. "उन्हात जरा अंग पसरायला गेली बिचारी, आणि मी चहूबाजूंनी आवळून ठेवलेली."

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी पँटीची बैठक उसवली, मांड्यांच्या मधे जादा कापडाची चौकोनी कळी घातली, आणि दुसऱ्या दिवशी ती इस्त्री करून स्वतः गवंड्याकडे घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते कोणालाच नक्की कळलं नाही. गवंड्याच्या म्हणण्याप्रमाणे मास्तरांनी माफी मागितली. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की माप घेताना तू पोट आत ओढलं होतंस, आणि ते गवंड्याने कबूल केलं.

गवंडी आला तो तीच पँट घालून. बाथरूमच्या दारात सगळे जमले. शेजारीणही आली. गवंडी हळूहळू उकिडवा बसला. सगळ्यांनी श्वास रोखला. काही झालं नाही. तो उठला, पुन्हा बसला. मग मजा वाटून आणखी एकदा बसला.

"पुरे आता," मास्तर म्हणाले. "कामाला लागा."

गवंड्याने पहिली टाइल उचलली. ती अख्खी हातात आली. दुसरीही. "मास्तर, एक मात्र फार चांगलं केलंत."

"काय?"

"चिकटवल्याच नाहीत. जवळजवळ सगळ्या परत वापरता येतील."

मास्तर दात ओठ खात टाइला पुसून रचत राहिले. गवंड्याने जाळीपासून दोऱ्या ताणल्या, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "तिरपी करतोयस तू जमीन!"

"शर्टाला खांद्याचा उतार देता ना? की हँगरसारखा सरळ शिवता?"

खांद्याचा उतार म्हटल्यावर मास्तरांचं समाधान झालं. उलट त्यांनीच मग दोरीखाली वाकून, उतार दोन्ही बाजूंना सारखा आहे की नाही, ते बघायला सुरुवात केली. टाइलखाली सिमेंट-वाळूचा माल या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. टाइलमधे फट सोडायला गवंड्याकडे प्लास्टिकचे अधिकचिन्हासारखे तुकडे होते. ते अर्ध्यात संपले. मास्तर आत गेले आणि जुन्या कोटांच्या बटणांची बरणी घेऊन आले. सगळी एका जाडीची. गवंडी आधी हसला. मग एक बटण उभं करून फटीत घालून बघितलं, आणि हसायचा थांबला. पुढची सगळी फरशी बटणांवर झाली.

थोड्या टाइला फुटल्या होत्या, म्हणून गवंड्याने दुकानातून त्याच नावाचं नवं खोकं आणलं आणि भराभर लावायला लागला.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी एक जुनी आणि एक नवी टाइल अंगणातल्या उजेडात धरली. "ताग्यातला फरक आहे. ही पिवळट मारते."

"कुठे? सारखीच तर आहे. इतकं कोण बघतं?"

"माझी मुलगी."

गवंड्याने मान तिरपी करून बघितलं, डोळे बारीक केले, आणि एक शिवी हासडली, ती दुकानदाराला. नव्या टाइला मग मधे न लावता पाण्याच्या पिंपाखाली गेल्या. कापड कमी पडलं की शिंपी जोड काखेत लपवतो, तसं. या वेळी काम आतल्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे आणलं, आणि दोघंही धडपणे बाहेर पडले. मास्तरीणबाईंनी काठी आणि पिशवी तयार ठेवली होती. त्यांची थोडी निराशाच झाली.

लेक आली ती बॅग खाली ठेवायच्या आधी मागच्या अंगणात गेली. आई, बाबा आणि कारण नसताना तिथे असलेली शेजारीण दारात रांगेने उभे. लेकीने टाच आपटली. फरशी ठाम. ओल्या तळव्याने पाय घासला. सरकला नाही. मग बादली उचलून तिने सगळं पाणी एकदम ओतलं. मास्तरांनी मास्तरीणबाईंचा हात घट्ट धरला. लग्नातही त्यांनी तो इतका घट्ट धरला नव्हता.

पाणी क्षणभर घुटमळलं. मग सगळीकडून वळलं, जाळीकडे निघालं, आणि गुळगुळ आवाज करत दिसेनासं झालं.

लेक खाली बसून बघत राहिली. "बाबा, तुम्ही? आणि प्रत्येक शिवण दिसतेय!"

"दिसू दे," मास्तर म्हणाले. "तिला बसायला जागा लागते."

"आणि हे काय? फटीत बटण आहे!"

"ते राहिलं असेल. निघत नाहीये. चालेल."

लेक उठली. ओल्या फरशीवरून ती दोनदा दारापर्यंत चालून आली. तिच्या चेहऱ्यावर आनंदही होता आणि हरल्याची एक बारीक चुणीही. "ठीक आहे," ती म्हणाली. "राहा इथे." मग जरा थांबून, जाळीकडे बघत, ती कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलली, "माझ्याकडे तर पाणी सरळ हॉलमध्ये येतं."

मास्तरीणबाई याच क्षणाची वाट बघत होत्या. त्यांनी मनाच्या कप्प्यातला तो टॉवेल काढला आणि झटकला.

"ठाऊक आहे, बाळा. दाराशी टॉवेल ठेवतेस ना?" त्या अगदी मायेने म्हणाल्या. "उगीच घसरशील. मला तर झोपच लागायची नाही. असं कर, तिथलं बाथरूम नीट होईपर्यंत तूच सामान बांध आणि इथे येऊन राहा."

शेजारणीने फोन काढला. आणि मास्तर, टेप गळ्यात नीट करत, अगदी सहज विचारत होते, "बाथरूम केवढं आहे गं तुझं? त्यात काय आहे, मी..."

"अहो!" मास्तरीणबाईंनी टेपच ओढून घेतली.